नडगी वाचली तर भरती वाचेल : सातारा जिल्ह्यातील भरतीपूर्व अकॅडमींना खुले पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातील लष्कर व पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण अकॅडमींचे संचालक आणि मैदानी प्रशिक्षक

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांमध्ये आपल्या अकॅडमींत राहून भरतीची तयारी करणारी मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. नवी बॅच सुरू झाली की महिना-दीड महिन्यात ती लंगडत येऊ लागतात. कोणाची नडगी ठणकत असते, कोणाच्या पावलावर सूज असते, कोणाला जांघेतल्या दुखण्यामुळे मोटारसायकलवर टांग टाकून बसता येत नाही. घरच्यांनी दुधाच्या किंवा उसाच्या पैशातून फी भरलेली असते, भरतीच्या वयाची मर्यादा जवळ येत असते, आणि त्यामुळे दुखणे किती आहे हे सांगण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो : ग्राउंड कधी करता येईल? या पत्राचे कारण तो प्रश्न आहे. यांतील बहुतेक दुखापती टाळता येण्याजोग्या असतात आणि त्या टाळणे ना त्या मुलांच्या हाती असते, ना माझ्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे मैदानाचे वेळापत्रक जो ठरवतो, त्याच्या हाती ते असते, आणि ते आपण ठरवता.

आपल्या कामाचे मोल मी जाणते. घरोघरी सैनिक असलेले अपशिंगे (मिलिटरी) हे गाव ज्या जिल्ह्यात आहे, १९६१ मध्ये जिथे सैनिक स्कूल सुरू झाले आणि माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यात जिथे घरटी एखादा तरी मुलगा पहाटे रस्त्यावर धावताना दिसतो, तिथे वर्दीची नोकरी म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी अनेकजण स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले आहेत आणि मुलांना शिस्त लावण्यासाठी पहाटेपासून राबतात. म्हणूनच एका आरोग्य व्यावसायिकाने आपल्याला तोंडावर, पण आदराने काही सांगावे, असे मला वाटले.

व्यायाम सुरू केल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत, ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचे बरेचसे समजते. दम दोन-तीन आठवड्यांतच वाढू लागतो. स्नायूंना खरी ताकद यायला दीड-दोन महिने लागतात. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र सर्वांत मागे राहतात. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो आणि हा भार सोसण्यासाठी हाड स्वतःला नव्याने घडवू लागते. परंतु ते घडवताना आधी जुना भाग झिजवून काढला जातो आणि मग त्या जागी नवे हाड भरले जाते. काढण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत उरकते, तर नवे हाड भरून पक्के व्हायला तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. नवा रस्ता करण्यासाठी जुना उखडून ठेवल्यावर त्यावरून जड वाहने सोडत नाहीत, तसेच इथे आहे : मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कमजोर असते. आणि आपल्या बहुतेक अकॅडमींत नेमक्या याच काळात, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, मुलांचा दम वाढलेला पाहून राउंड वाढवले जातात. मुलालाही आपण तयार झालो असे वाटत असते, कारण त्याला धाप लागत नाही. त्याची छाती तयार झालेली असते. नडगी झालेली नसते.

शिवाय ही मुले सतरा-अठरा वर्षांची असतात. अग्निवीरसाठी वयाची अटच साडेसतरापासून सुरू होते. या वयात हाडांची घनता अजून वाढत असते, ती पूर्ण व्हायला विशी ओलांडावी लागते. जो मुलगा लहानपणापासून शेतात राबला, शाळेत खो-खो किंवा कबड्डी खेळला, त्याच्या हाडांना भाराची सवय असते. जो दहावी-बारावीची दोन वर्षे क्लास आणि मोबाइलमध्ये घालवून आला, त्याला ती नसते. दोघांना एकाच रांगेत उभे करून पहिल्या सोमवारपासून पाच किलोमीटर पळवले, तर त्यांतला कोण महिन्याभराने माझ्याकडे येणार, हे त्याच दिवशी सांगता येते.

‘शिन पेन’ हा शब्द आपल्या मैदानावर इतका रुळला आहे की नडगीच्या कोणत्याही दुखण्याला तो चिकटवला जातो आणि ‘सगळ्यांनाच होतो, पळून पळून जातो’ म्हणून विषय संपवला जातो. इथेच घात होतो, कारण या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. पहिल्यात नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, चार-सहा बोटांच्या लांबीत पसरलेले दुखणे असते. धावायला लागल्यावर सुरुवातीला जाणवते, अंग गरम झाले की कमी होते, थांबल्यावर पुन्हा येते. दुसऱ्यात हाडाला केसाएवढा तडा गेलेला असतो. त्याचे दुखणे एका जागी असते, धावताना वाढतच जाते, पुढे चालतानाही दुखते आणि शेवटी रात्री झोपेतही ठणकते.

हे ओळखण्याची प्राथमिक रीत कोणत्याही प्रशिक्षकाला शिकता येईल अशी आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. मुलाला बाकावर बसवून पाय सैल सोडायला लावावा. गुडघ्याखालून सुरुवात करून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू, बोट-बोट अंतराने दाबत घोट्यापर्यंत आणावा. आणताना पायाकडे बघू नये, मुलाच्या चेहऱ्याकडे बघावे. कारण तोंडाने तो ‘नाही सर, काही नाही’ म्हणत असतो, पण तड्याच्या जागी अंगठा आला की त्याच्या पायाची बोटे आखडतात आणि पापण्या मिटतात. दाबल्यावर लांबवर सगळीकडे थोडेथोडे दुखत असेल तर पहिल्या प्रकाराचा संशय घ्यावा. एका नाण्याएवढ्या जागेवरच कळ येत असेल आणि त्या एका पायावर उडी मारायला सांगितल्यावर तो टाळाटाळ करत असेल, तर त्या क्षणापासून त्याचे धावणे बंद करून त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. ‘फोटोत काही नाही’ म्हणून मुलाला पुन्हा मैदानात उतरवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या काहींचा तडा पुढे वाढत गेला. एक्स-रे कोरा आला तरी दुखणे वरच्या वर्णनाशी जुळत असेल, तर एमआरआय करायचा की काही आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायचा, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे आणि तोवर पायाला विश्रांती द्यावी.

पावलाच्या मधल्या लांब हाडांनाही असाच तडा जातो. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांचे हे दुखणे १८५५ मध्ये नोंदवले होते. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा आणखी चाळीस वर्षे होती. म्हणजे सैनिकी प्रशिक्षणातली ही दुखापत कोणाच्या नाजूकपणामुळे होते असे नाही, ती त्या प्रशिक्षणाइतकीच जुनी आहे. मला सर्वांत जास्त भीती मात्र जांघेतल्या दुखण्याची वाटते. धावताना जांघेत खोलवर दुखत असेल, त्या पायावर भार टाकताना मूल लचकत असेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेला तडा गेल्याची शक्यता असते. तो तडा वाढून हाड पूर्ण तुटले आणि सरकले तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मग भरतीचा विषय बहुधा कायमचा मिटतो. अशा मुलाला ‘आजचा राउंड पूर्ण कर, उद्या बघू’ असे म्हणू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

‘पण राउंड कमी केले तर टायमिंग कसे बसणार?’ हा प्रश्न आपण विचाराल आणि तो रास्त आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, सैन्यात १.६ किलोमीटर, बीम (दांड्याला लटकून अंग वर खेचणे), नऊ फुटी खंदक आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालणे). यांतले एकही अंतर दोन किलोमीटरचेही नाही. तरीही रोज दहा-बारा किलोमीटर पळवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने आपल्या नवभरती जवानांचे प्रशिक्षणातले धावण्याचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी केले, तेव्हा हाडांना तडे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि अंतिम चाचणीतली धावण्याची वेळ जेमतेम तीन टक्क्यांनी वाढली. युद्धासाठी माणसे तयार करणारे दल हे करू शकते, तर आपणही करू शकतो. सोळाशेचे टायमिंग अंतराने कमी आणि वेगाच्या सरावाने जास्त सुधारते : चारशे मीटरचे वेगवान तुकडे, मध्ये पुरेशी विश्रांती, आठवड्यात एक-दोनदा, आणि तेही पाया तयार झाल्यावर.

माझी सूचना अशी आहे की नव्या मुलांची पहिल्या दिवसापासून जुन्यांबरोबर रांग लावू नये. पहिले दोन आठवडे त्यांना चालणे आणि हलके धावणे आलटून पालटून द्यावे, एका दिवसाआड धावणे ठेवावे आणि मधल्या दिवशी पोटरी, मांडी, कंबर आणि पोट यांचे ताकदीचे व्यायाम घ्यावेत. पुढे अंतर हळूहळू वाढवावे आणि दर तीन आठवडे वाढवल्यानंतर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम उतरवावे, म्हणजे हाडाला भरून यायला सवड मिळते. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असा एक नियम सांगितला जातो. तो काही दगडावरची रेघ नाही, नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर झालेल्या चाचणीत त्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. एकदम उडी मारू नये, हे मात्र खरे. मंगळवारी तीन किलोमीटर आणि शनिवारी दहा, असे वेळापत्रक कोणत्याच हाडाला झेपत नाही. आठवड्यात एक पूर्ण सुट्टीचा दिवस हवा, आणि सुट्टी म्हणजे मैदानाची साफसफाई किंवा अजिंक्यताऱ्यावर चढाई नव्हे.

सैन्यभरतीची पद्धत २०२३ पासून बदलली, त्याचाही इथे संबंध आहे. आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि तीत निवडलेल्यांचीच मैदानी चाचणी होते. परिणामी मुले चार-पाच महिने अभ्यासिकेत बसून राहतात आणि निकाल लागला की उरलेल्या थोड्या आठवड्यांत सगळी तयारी उरकायला जातात. निकालानंतर माझ्याकडे जी गर्दी होते, ती या घाईची असते. लेखी परीक्षेच्या अभ्यासाच्या काळातही आठवड्यातून तीन दिवस हलके धावणे आणि ताकदीचे व्यायाम चालू ठेवले, तर निकालानंतरची ही झेप टळेल. यासाठी वेगळा खर्च येत नाही, वेळापत्रकात फक्त तेवढी जागा ठेवावी लागते.

धावण्याच्या जागेविषयी थोडे. आपल्याकडे यवतेश्वरच्या घाटात पळवण्याचे आकर्षण मोठे आहे आणि चढ चढण्याने दम व मांड्या तयार होतात, हे खरेच आहे. चढताना पायावर आदळणारा भार सपाटीपेक्षा कमी असतो. त्रास देतो तो उतार. पाऊल पुढे आणि खाली आपटते, मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरतात आणि गुडघ्याच्या वाटीवर व नडगीवर भार वाढतो. एका पहाटे मी घाटातल्या वळणावर थांबून एक बॅच उतरताना पाहिली. पुढची मुले शर्यत लावून खाली येत होती आणि मागची टाचा आपटत, कंबरेतून मागे झुकत येत होती. थकलेल्या पायांचा डांबरावर पडणारा तो थाप-थाप आवाज दूरवरून ऐकू येत होता. त्यांना वरपर्यंत पळवून खाली चालत आणले असते, तर घाटाचा सगळा फायदा मिळाला असता आणि तोटा टळला असता. नव्या मुलांना पहिले दोन महिने घाटात नेऊच नये.

डांबरी रस्त्याचा आणखी एक दोष आहे. पाणी निघून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे रोज एकाच कडेने धावणाऱ्याचा एक पाय सतत खाली पडतो आणि घोटा, गुडघा व कंबर तिरकी राहते. शक्य असेल तिथे शाळा-कॉलेजचे मातीचे मैदान किंवा शेतातली पायवाट निवडावी. मैदानावर गोल फिरतानाही दिशा अधूनमधून बदलावी. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो म्हणून सगळे रस्त्यावर येतात. त्या महिन्यांत अंतर कमी करून ताकदीच्या व्यायामावर भर देणे हा उत्तम पर्याय आहे. पहाटेच्या अंधारात कोरेगाव किंवा रहिमतपूर रस्त्याने काळ्या ट्रॅकसूटमध्ये धावणारी रांग वाहनचालकाला दिसत नाही, हेही सांगायला हवे. पुढच्या आणि मागच्या मुलाला चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट द्यावे आणि रांग समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने न्यावी.

बुटांबाबत मुलांची दिशाभूल बरीच होते. महागडा बूट म्हणजे दुखापतीपासून सुटका, असे नाही. अमेरिकी सैन्यात पायाच्या कमानीनुसार वेगवेगळे बूट देऊन पाहिले, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. पायाला आरामदायक वाटणारा, पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा असणारा, टाचेला न सरकणारा आणि तळवा न झिजलेला साधा धावण्याचा बूट पुरतो. मोठ्या भावाचा झिजलेला बूट किंवा सपाट तळव्याचा कॅनव्हास घालून रोज रस्त्यावर पळणे मात्र थांबवायला हवे. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाची उशी बसते, म्हणजे रोज आठ किलोमीटर पळणाऱ्याचा बूट दोन-तीन महिन्यांत निकामी होतो. बूट बदलल्यावर किंवा अनवाणी धावायचे ठरवल्यास सुरुवात पुन्हा थोड्या अंतराने करावी.

वॉर्मअपमध्ये रांगेत उभे राहून पाय ताणून धरण्याची पद्धत सगळीकडे दिसते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियन लष्कराच्या दीड हजारांवर नवभरती जवानांना दोन गटांत विभागून हे तपासले होते. व्यायामाआधी ताणणाऱ्यांच्या आणि न ताणणाऱ्यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा तो वेळ हलक्या धावण्याला, गुडघे उचलण्याला, पाय झुलवण्याला आणि क्रमाक्रमाने वेग वाढवत मारलेल्या छोट्या धावांना द्यावा. ताणण्याचे व्यायाम नंतर निवांत करावेत. शंभर मीटरच्या सरावाआधी तर असे अंग गरम करणे अनिवार्य आहे, कारण थंड अंगाने पूर्ण वेगात सुटलेल्या मुलाच्या मांडीचा मागचा स्नायू ऐन धावेत फाटतो. त्यासाठी एक व्यायाम जोडीने करता येतो : एकाने गुडघ्यांवर बसावे, दुसऱ्याने त्याचे घोटे घट्ट धरावेत, आणि पहिल्याने गुडघ्यापासून वरचे अंग सरळ ठेवून जितके हळू जमेल तितके हळू पुढे झुकत जावे. याला कोणतेही साहित्य लागत नाही आणि नियमित केल्यास मांडीच्या मागच्या दुखापती निम्म्याने कमी होतात, असे फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत दिसले आहे. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला पाच-सहाच आवर्तने पुरेत.

खंदकाच्या सरावात घोटा मुरगळणे नित्याचे आहे. उतरण्याच्या जागी वाळू खोदून भुसभुशीत ठेवली तरी बरेच टळेल. मुरगळलेला घोटा लगेच तेल लावून चोळू नये. चोळल्याने आणि शेकल्याने सूज वाढते. पाय उंच ठेवून, क्रेप बँडेज बांधून, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर दाबल्यावर हाडातून कळ येत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा.

आता एका अवघड विषयाकडे वळते. उशिरा आलेल्या, रांगेत बोललेल्या किंवा मागे पडलेल्या मुलाला शिक्षा म्हणून दोनशे, तीनशे बैठका मारायला लावण्याची रीत काही ठिकाणी आहे. सवय नसलेल्या शरीराला एकदम इतका भार दिला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतला घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकतो. एका अकॅडमीतला मुलगा अशा शिक्षेनंतर दोन दिवसांनी माझ्याकडे मांड्या चोळून घ्यायला आला होता. त्याला खुर्चीवर बसता येत नव्हते आणि विचारल्यावर त्याने लघवी गडद तपकिरी होत असल्याचे सांगितले. त्याला मी हात न लावता थेट रुग्णालयात पाठवले. प्रमाणाबाहेर व्यायामानंतर मांड्या दगडासारख्या कडक होणे, सुजणे आणि लघवीचा रंग गडद होणे ही तातडीची लक्षणे आहेत आणि त्यांत काही तासांचाही उशीर मूत्रपिंडांना महागात पडतो. ज्या जिल्ह्याने खाशाबा जाधवांसारखा मल्ल दिला, त्या जिल्ह्यात हे सांगावे लागू नये. तालमीतला वस्ताद नवख्या पोराला पहिल्याच दिवशी हजार जोर मारायला लावत नाही; तो रोज थोडे थोडे वाढवत नेतो आणि पोराच्या अंगाकडे लक्ष ठेवतो. व्यायाम हे तयारीचे साधन आहे, त्याला दंडाचे साधन करू नये.

याच शिक्षेच्या भीतीने मुले दुखणे लपवतात. ‘सरांना सांगितले तर मागच्या रांगेत टाकतील’, ‘नाटक करतो म्हणतील’, ही वाक्ये मी तपासताना वारंवार ऐकते. मग ती मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणतात किंवा कोणाकडून तरी इंजेक्शन घेतात आणि धावतात. गोळीने तडा भरत नाही, तो जाणवेनासा होतो. आणि उपाशीपोटी, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात रोज घेतलेल्या या गोळ्या जठराला व मूत्रपिंडांना इजा करतात. चाचणीच्या तोंडावर स्टिरॉइड किंवा उत्तेजक इंजेक्शने टोचून घेण्याचे प्रकार आपल्या कानावर येत असतील, तर ते थांबवण्याची जबाबदारी आपली आहे. उपाय सोपा आहे. रोज सकाळी हजेरी घेताना प्रत्येकाला एवढेच विचारावे की आज कुठे दुखते आहे का, आणि वहीत लिहून ठेवावे. सलग तीन दिवस एकाच जागेची नोंद आली की त्याचे धावणे थांबवून पोहणे, सायकल किंवा बसून करायचे व्यायाम द्यावेत. नडगीचे साधे दुखणे वेळीच थांबवले तर दोन-तीन आठवड्यांत मूल पुन्हा धावू शकते. तडा गेल्यावर सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवावे लागते, त्यानंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात. भरतीच्या वर्षात हे तीन महिने कुठून आणायचे?

मेसच्या जेवणाकडेही बघावे. सकाळी चहा-बिस्किटावर दहा किलोमीटर, दुपारी पातळ आमटी-भात आणि रात्री बटाट्याची भाजी, यावर हाड तयार होत नाही. यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. आपल्या मातीत घेवडा, मटकी, हरभरा आणि शेंगदाणे पिकतात. त्यांच्या जोडीला रोज दूध किंवा ताक, नाचणी, जमेल त्याला अंडी, आणि धावून आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता, एवढे केले तरी पुष्कळ आहे. अमेरिकी नौदलातल्या पाच हजारांवर नवभरती तरुणींपैकी ज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, त्यांच्यात हाडांचे तडे २० टक्क्यांनी कमी आढळले. गोळ्या कोणी आणि किती घ्यायच्या हे रक्त तपासून डॉक्टर ठरवतील, पण पोटभर जेवण तर आपण ठरवू शकता. मुलींच्या बाबतीत एक खूण फार महत्त्वाची आहे : सलग तीन महिने पाळी आली नाही, तर खाणे व्यायामाला पुरत नाही आणि हाडे पोखरली जात आहेत, अशी शंका घ्यावी. ‘व्यायामाने पाळी थांबतेच’ असे मुलींना सांगितले जाते, ते चुकीचे आहे. हा विषय मुली पुरुष प्रशिक्षकांपुढे काढणार नाहीत, त्यामुळे जिथे मुलींची बॅच आहे तिथे एक तरी महिला प्रशिक्षक किंवा समुपदेशक असावी. मोहीसारख्या माणमधल्या गावातून निघून ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिच्यामागून येणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे आणि त्यांच्या शरीराच्या गरजा वेगळ्या आहेत, याची दखल मैदानावर घेतली गेली पाहिजे.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर धावू देऊ नये. धावता धावता एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा कोसळले आणि त्याचे अंग तापलेले असेल, तर गाडी येण्याची वाट न पाहता त्याला सावलीत नेऊन सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. मैदानावर पाण्याचे भरलेले पिंप आणि बर्फाची पेटी ठेवण्याची सोय कोणत्याही अकॅडमीला परवडणारी आहे.

प्रवेश घेतानाच प्रत्येक मुलाची पूर्वीची दुखापत, वजन, आहार आणि धावण्याची सवय यांची एका पानात नोंद करावी व पालकांना ती दाखवावी. पहिल्या महिन्यात कोणालाही जुन्या बॅचबरोबर पळवणार नाही, हे माहितीपत्रकात छापावे. भरती झालेल्या मुलांच्या फोटोंच्या शेजारी ते वाचून पालकांचा विश्वास वाढेलच. मी माझ्याकडून एवढे करू शकते : रविवारी सकाळी, आपण बोलवाल त्या मैदानावर येऊन प्रशिक्षकांना नडगी व पावले तपासण्याची रीत शिकवेन आणि नव्या बॅचच्या मुलांची तपासणी करेन. याचे कोणतेही शुल्क घेणार नाही. तपासलेल्या मुलांपैकी ज्यांचे धावणे थांबवायला सांगेन, त्यांना मागच्या रांगेत टाकले जाणार नाही आणि त्यांची फी बुडणार नाही, एवढा शब्द मात्र मला आपल्याकडून हवा आहे.

आपली विश्वासू,
सातारा येथील एक फिजिओथेरपिस्ट